वाटीतलं भ्या

विद्यापीठाचं पत्र आलं की सर ते लगेच फोडत नसत. आधी पाकीट दोन बोटांत धरून खिडकीशी नेत, उजेडासमोर धरून त्याची जाडी बघत आणि मग पितळी पेपरवेटखाली ठेवून देत. "निवू दे," म्हणत. साधं पत्र निवायला तीन दिवस लागत, जाड असलं तर चार. तेवढे दिवस आम्ही दोघंही त्या टेबलापाशी अंग चोरून वावरायचो. मग सर खुर्ची भिंतीकडे फिरवून बसत आणि पाठमोरेच म्हणत, "बाई, फोडा. आधी शेवटची ओळ वाचा."

त्या बाई म्हणजे मी. वय तेवीस, नुकतीच एम. ए. झालेली, नगरच्या एका कॉलेजात मानसशास्त्राची ट्यूटर. आमचा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक लोखंडी कपाट, सर आणि मी. सर चाळिशी ओलांडलेले, बिनलग्नाचे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, "दोघांची काळजी मला झेपणार नाही." अकरा वर्षं ते पीएच. डी. करत होते. त्यांचा विषय होता धसका. डोळ्यांदेखत काही भयंकर घडतं, माणूस त्यातून वाचतो, पण पुढं कितीतरी दिवस ते त्याच्या अंगातून जात नाही, याला आपल्याकडं धसका घेणं म्हणतात. हा शब्द शास्त्रात गेला पाहिजे, असा सरांचा हट्ट होता. पुण्याच्या त्यांच्या गाईडना तो मुळीच पसंत नव्हता. "धसका हा बायकांचा शब्द आहे," असं त्यांनी एकदा लिहून कळवलं. ते पत्र चार दिवस निवलं होतं, तरी सरांना बसायचा तो चटका बसलाच.

भीतीवर संशोधन करणारा माणूस स्वतः किती भित्रा असावा याला काही मर्यादा असते. सरांनी ती पाळली नव्हती. कुत्र्याला भीत, शिपायाला भीत, जिन्यावरून जोरात उतरणाऱ्या मुलांना भीत. एस. टी.त बसायच्या आधी ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहून अदबीनं विचारत, "रात्री झोप झाली ना?" जामखेडच्या गाडीवरचे कंडक्टर त्यांना ओळखून होते. "आले मास्तर. आता द्या बाबा पेपर," असं ते ड्रायव्हरला म्हणत, आणि ड्रायव्हरही बिचारा किती वाजता झोपला, कितीला उठला ते सांगून मोकळा होई.

वर्गात शिकवता शिकवता ते मध्येच थांबत. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, नजर घड्याळाच्या काट्यावर. मिनिटभर वर्ग चिडीचूप. मग फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहीत. "शहाण्णव. सकाळी प्राचार्य भेटले होते." पोरं त्या आकड्यावर चहाच्या पैजा लावत. सरांना ते माहीत होतं. एकदा वर्गातून आवाज आला, "सर, आज शंभर होऊ द्या, माझे दोन चहा अडकलेत." सरांनी पुन्हा एकदा प्रामाणिकपणे नाडी मोजली आणि म्हणाले, "सॉरी. अठ्ठ्याऐंशीच आहे."

कुणीही त्यांच्यासमोर "भीती वाटते" म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला. "कुठं?" म्हणजे छातीत, पोटात, गुडघ्यात, की घशात. एकदा प्राचार्य आमच्या खोलीत आले. जाडजूड माणूस, दार अडवून उभे राहिले आणि म्हणाले, "प्रोफेसर, जूनपर्यंत तुमची डॉक्टरेट झाली नाही, तर मला भीती वाटते, हा विभाग चालवणं अवघड होईल. बाहेरून कुणाला तरी आणावं लागेल, आणि मग ट्यूटरची जागा काही राहणार नाही."

सरांनी मान वर केली. "कुठं?" त्यांनी विचारलं.

"काय कुठं?"

"भीती. कुठं वाटते?"

प्राचार्य वळले आणि निघून गेले. सरांचा त्यात जराही चेष्टेचा हेतू नव्हता. त्यांनी वहीत नोंद करायला पेन्सिलसुद्धा उचलली होती. मला मात्र हसू आलं नाही. ट्यूटरची जागा म्हणजे मी. माझ्या घरी वडिलांची नोकरी संपायला आली होती, पाठीवर दोन बहिणी होत्या, आणि मी मिळवते आहे एवढ्या एकाच आधारावर घरानं माझ्या लग्नाचा विषय तूर्त बाजूला ठेवला होता. त्या दिवशी सरांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पोटात.

तो बहात्तरचा दुष्काळ होता. जामखेडकडच्या एका गावात विहीर खोल करायचं काम चाललं होतं. खडकात भोकं पाडून दारू ठासायची, वाती पेटवायच्या, "बार हाय होऽऽ" अशी आरोळी द्यायची आणि सगळ्यांनी लांब पळायचं, अशी पद्धत. त्या दिवशी एक बार उडालाच नाही. फुसका गेला असं समजून दोन गडी खाली उतरले, आणि तो उडाला. वर काठावर पाट्या घेऊन अठरा बाया उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. त्या दोन गड्यांतला एक त्यांच्यातल्याच ठकूबाईचा दीर होता. विहिरीचं काम बंद पडलं. बाया आठवड्याभरात खडी फोडायच्या कामावर गेल्या, कारण घरी बसून भागणार नव्हतं.

सरांना ही बातमी कळली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, आपल्याला तिथं जायला हवं."

सहा महिन्यांनी आम्ही गेलो. बरोबर इंग्रजीवरून मराठीत आणलेली प्रश्नावली होती आणि प्रत्येक प्रश्नापुढं पाच चौकोन. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली सरांनी ठकूबाईला पहिला प्रश्न वाचून दाखवला. "आपणांस अकारण भय वाटते काय? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, की नेहमी?"

ठकूबाई पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "मास्तर," ती म्हणाली, "त्यातलं बरं दिसंल ते तुमीच लिवा."

अठराजणींनी थोड्याफार फरकानं हेच सांगितलं. परतीच्या गाडीत सरांनी ड्रायव्हरच्या झोपेची चौकशीही केली नाही, इतके ते खचले होते. आठ दिवसांनी ते एक काशाची वाटी आणि पिशवीभर चिंचोके घेऊन आले. ही त्यांची स्वतःची पद्धत. पंचवीस चिंचोके मुठीत घ्यायचे. डोळे मिटायचे. ती विहीर आठवायची. जेवढं भय आत असेल तेवढे चिंचोके वाटीत टाकायचे, उरलेले परत द्यायचे. वाटीतले चिंचोके सर कागदाच्या पुडीत बांधून पिशवीत ठेवणार, वर नाव आणि आकडा. लिहायला-वाचायला नको, चौकोन नकोत.

पहिली चाचणी त्यांनी माझ्यावरच घेतली. विहीर सोडून दुसरं काहीही आठवा, म्हणाले. मी प्राचार्य आठवले, वडील आठवले, आणि तीन चिंचोके टाकले. आपल्या वरिष्ठासमोर कुणी मूठ मोकळी करतं का? सरांनी पुडी बांधली, तीनचा आकडा टाकला आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

मग बाभळीखाली अठराजणी एकेक करून सरांपुढं बसल्या. मूठ मिटली, डोळे मिटले, ओठ पुटपुटले, मूठ उघडली. वाटीत काहीच नाही. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. हौसा नावाच्या एका तरण्या बाईनं तेवढे दोन टाकले. बाकी शून्य, शून्य, शून्य. सरांनी सगळ्यांच्या नाड्याही मोजल्या होत्या. त्या चांगल्या धडधडत होत्या. पण उन्हात खडी फोडून आलेल्या बायांची नाडी जोरात असायचीच, असं म्हणून त्यांनी ते आकडे परिशिष्टात टाकून दिले. मीही मान डोलावली.

त्या दिवसापासून सर बदलले. ज्या बायांनी दोन माणसं डोळ्यांसमोर गेलेली पाहिली, त्यांच्या मनात सहा महिन्यांनी भयाचा लवलेश नाही! कष्टात एवढी ताकद असते! त्यांचा सिद्धान्त उभा राहिला. राबणाऱ्या माणसांत धसका टिकत नाही. पुण्याचे गाईड पहिल्यांदा खूश झाले. शब्द धसकाच ठेवा, असंही त्यांनी लिहिलं. आणि गंमत म्हणजे ते पत्र सरांनी दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या हातानं फोडलं.

"बाई," एकदा ते मला म्हणाले, "मला लहानपणापासून वाटायचं, भीती न वाटणारी माणसं कुठंतरी असतीलच. मला ती सापडली." डब्यातली हिरवी मिरची त्यांनी त्या दिवशी चावून खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत होते. फळ्यावरचा आकडा ऐंशीच्या खाली गेला आणि पोरांच्या पैजांचं सगळं गणित बिघडलं. शिपायाला त्यांनी चक्क ओरडून हाक मारली. मला ते बघून इतकं बरं वाटायचं की मी घरीसुद्धा सांगत असे. प्रबंध टायपिस्टकडं गेला. एकट्या हौसावर सरांनी साडेतीन पानं लिहिली होती, अपवाद म्हणून.

सादर करायला दहा-बारा दिवस उरले असताना परिशिष्टात काही बायांची वयं राहिल्याचं लक्षात आलं. सरांना टायपिस्टपाशी बसणं भाग होतं, म्हणून मी एकटीच जामखेडची गाडी धरली.

ठकूबाई घरीच होती. चहा टाकते म्हणाली. मी उंबऱ्याशी बसून वही उघडली. चुलीत ओलं लाकूड घातलेलं असावं. ते तडकन वाजलं आणि ठकूबाई हातातला डबा टाकून अंगणात पळाली. तिथं दोन्ही कानांवर हात ठेवून मटकन खाली बसली. तिची सून आत गेली, सांडलेली साखर भरली आणि चहा करायला बसली. त्या घरात हे रोजचं असावं.

थोड्या वेळानं ठकूबाई पदरानं तोंड पुसत आली. "जाळ वाजला की असं हुतं बगा. हिरीकडनं तर मी जातच न्हाई. लांबून पानी आनते."

"आणि बाकीच्या?"

"समद्यांचं तेच हाय. कुनाला झोप न्हाई, कुनाला घास गिळत न्हाई."

मी हातातली वही मिटली. मी म्हटलं, "अहो ठकूबाई, मग त्या दिवशी वाटीत एकही चिंचोका का टाकला नाहीत?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"कसा टाकनार, ताई? मुठीत घ्या म्हनले, डोळं झाका म्हनले, भ्या काडून वाटीत टाका म्हनले. त्यो उताराच की. आन् त्यो मास्तर पुडीत बांदून घरी नेनार. उतारा ज्यो उचलतो त्येच्या मागं लागतंय, ह्ये तुमाला ठावं न्हाई व्हय? त्यो मानूस आदीच कुत्र्याला भितोय. बायकू न्हाई, लेकरू न्हाई. अठराजनींचं भ्या त्येच्या एकट्याच्या डोक्यावर घालायचं? आमी समद्यांनी ठरिवलं, कुनी टाकायचं न्हाई. हौशीनं मेलीनं दोन टाकले, तर तिला आमी लई बोललो."

माझी आई लहानपणी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मूठ, मिटलेले डोळे, पुटपुटणं, सगळं मी हजारदा पाहिलेलं होतं. बाभळीखाली ते समोर घडत असताना मला ओळखू आलं नाही. एम. ए.ला मला पहिला वर्ग होता, हेही इथं सांगून टाकते.

मी वयं लिहून घेतली आणि परत आले. सरांना काही सांगितलं नाही.

ते आठ दिवस मला अजून आठवतात. सर खुशीत होते. कार्बनच्या पाच प्रती तयार होत होत्या. सर रोज नवी पानं आणून दाखवायचे आणि मी चुका तपासायचे. 'भयाचा संपूर्ण अभाव' हे शब्द दर दोन पानांनी येत आणि मी त्यातलं शुद्धलेखन बघत असे. सांगितलं तर सरांची डॉक्टरेट जाईल, विभाग जाईल, माझी नोकरी जाईल. त्याहून वाईट म्हणजे ती न भिणारी माणसं त्यांच्या हातातून जातील. न सांगितलं तर कुणाला काय कळणार होतं? ठकूबाई काही विद्यापीठात येणार नव्हती. मला जेवण जाईना. रस्त्यात कुणी मागून हाक मारली तरी दचकायचे. आईनं एका संध्याकाळी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तेव्हा मी रडले, आणि तिला वाटलं दृष्टच लागली होती.

नवव्या दिवशी सकाळी सर पुण्याला निघाले. पाच प्रती धुतलेल्या स्वच्छ धोतरात बांधलेल्या, नवा कोट. मी स्टँडवर पोचवायला गेले. ड्रायव्हरला त्यांनी झोपेचं विचारलं नाही, नुसता नमस्कार केला. गाडीत बसले, खिडकीतून माझ्याकडं बघून हसले. गाडी सुरू झाली, धडधडायला लागली.

"सर," मी म्हटलं, "मला भीती वाटतेय."

त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, "कुठं?"

"घशात."

मग मी सगळं सांगितलं. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून, गाडीच्या आवाजावर ओरडून सांगितलं. शेजारची बाई मुलाला भरवायची थांबून ऐकत होती. सरांनी मध्ये एकदाच विचारलं, "आणि हौसा?"

"तिला बाकीच्या रागावल्या."

ते एक क्षण समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिले. मग उठले, गठ्ठा उचलला आणि गाडीतून उतरले. "अवो मास्तर, तिकीट फाडलंय!" असं कंडक्टर ओरडत राहिला आणि गाडी गेली.

आम्ही बाकावर बसलो. सरांनी गठ्ठा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "किती दिवस माहीत आहे?"

"आठ."

मला वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळ काढलं, माझं मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागले. भर स्टँडवर, लोक बघत असताना. मिनिट पुरं झालं, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

"माझी त्यांना कीव आली," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "एवढं सोसून त्यांना माझी कीव आली. आणि मी त्यावर अडीचशे पानं लिहिली."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात गेलो. अठराजणी पुन्हा बाभळीखाली जमल्या. सर त्यांच्यासमोर उभे राहिले. "मी हे घरी नेणार नाही," ते म्हणाले. "गावाबाहेर तिवाट्यावर ठेवीन आणि जाईन. मोकळ्या मनानं टाका."

ठकूबाईला खरं वाटेना. "शनीची आन घ्या. शिंगनापूरच्या."

आमच्या जिल्ह्यात खोटी शपथ कुणाचीही घेतील, शनीची घेत नाहीत. सर देव मानत नसत, पण शनिवारी दाढी करत नसत, आणि साडेसातीचा विषय निघाला की खोलीतून उठून जात. ते थोडे पांढरे पडले. "शनीची आण," ते म्हणाले.

मग त्या मुठी उघडल्या. पहिलीनं पंचवीसच्या पंचवीस टाकले. दुसरीनंही. तिसरी म्हणाली, "एवढ्यानं काय हुतंय?" आणि बाजूची खडी उचलून वाटीत टाकायला लागली. एक बाई टाकता टाकता हंबरडा फोडून रडली, मग तिच्याकडं बघून दुसरी. विहिरीवरच्या त्या दिवसापासून कुणी रडलं नव्हतं म्हणे. ठकूबाईनं मूठ रिकामी केली, चिंचोके पालथ्या हातानं वाटीत दाबून बसवले आणि दिराचं नाव घेतलं. मी तिथं उभी राहून रडत होते आणि आकडे लिहीत होते.

हौसाची पाळी आली. तिनं दोनच टाकले. बाकीच्या तिच्या अंगावर आल्या. "माजं तेवडंच हाय," ती म्हणाली. "तवा बी तेवडंच हुतं. मी काय खोटं सांगू?" सर त्या दिवशी तेवढ्यापुरते हसले. त्यांची साडेतीन पानं बरोबर निघाली होती.

गावाबाहेर तीन रस्ते मिळतात तिथं सर थांबले. पिशवी जड झाली होती. "बाई, तुम्ही पुढं व्हा," ते म्हणाले. "मागं वळून बघायचं नसतं." मी सरळ स्टँडपर्यंत चालत गेले आणि एकदाही मागं वळले नाही. ते मागून आले. खांद्यावरची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि गाडीभर दोन्ही हातांनी धरून बसले. पिशवीतल्या नोंदी वाऱ्यानं उडतील अशी त्यांना भीती वाटते, असं मी समजले.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर सरांची डॉक्टरेट झाली नाही. आण घेऊन काढलेली उत्तरं शास्त्रात चालत नाहीत, नवा अभ्यास करायला मुदत नव्हती. गाईडना त्यांनी एका ओळीचं पत्र लिहिलं, 'निष्कर्ष चुकीचा आहे.' त्याचं उत्तर आलं, ते पेपरवेटखाली निवत पडलं आणि शेवटपर्यंत निवतच राहिलं. जूनमध्ये बाहेरून विभागप्रमुख आले. माझी जागा गेली, दोन वर्षं मी एका शाळेत भूगोल शिकवला. नंतर कॉलेजनं परत घेतलं. सर शेवटपर्यंत लेक्चररच राहिले. फळ्यावरचा आकडा पुन्हा नव्वदीत गेला आणि पोरांच्या चहाच्या पैजा सुरळीत चालू झाल्या.

पुढं मी डॉक्टरेट केली, धसक्यावरच. तेव्हा मी सरांना त्या अठरा बायांच्या नोंदी मागितल्या. ते म्हणाले, "त्या नाहीत. तिवाट्यावर टाकल्या. नव्या माणसांकडं जा, आणि आधी त्यांना विचारा, तुम्ही माझ्यासाठी तर काही लपवत नाही ना." मी तसंच केलं. माझी नोकरी, माझं नाव, जे काही आहे ते या एका वाक्यावर उभं आहे. आठ दिवस गप्प बसल्याची माफी मात्र मी कधी मागितली नाही. दर वेळी ठरवायचे, आणि ते नाडी मोजायला लागले की शब्द घशातच राहायचे.

सर गेल्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, मला निरोप पाठवला. "त्याचं एक कपाट आहे, तुमच्या उपयोगाचं काही असेल तर बघा. त्याला तर रात्रभर दिवा लावून झोपायची सवय होती, या कपाटाकडं तोंड करून."

कपाटात खालच्या खणात पुड्या होत्या. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कागदाच्या, दोऱ्यानं बांधलेल्या. ठकूबाई, पंचवीस. गंगूबाई, पंचवीस अधिक खडे नऊ. हौसा, दोन. एकेक मोजली. अठरा भरल्या.

कुत्र्याला भिणारा, पत्राला भिणारा तो माणूस. त्यानं शनीची खोटी आण घेतली आणि अठराजणींचं भय पिशवीत घालून घरी आणलं. बायकांनी ते टाकून मोकळं व्हावं आणि तरी ते रस्त्यावर पडू नये, अशी काहीतरी त्याची समजूत असावी. एवढी वर्षं ते त्यानं उशाशी सांभाळलं. मी जमिनीवरच बसले. मला त्यांचा फार राग आला आणि फार माया आली.

खणाच्या कोपऱ्यात एकोणिसावी पुडी होती. तिच्यावर माझं नाव. त्यापुढं शाईनं, 'तीन.' खाली, नंतर कधीतरी, पेन्सिलनं बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'एस. टी. स्टँड. नाडी एकशे अठ्ठावीस. म्हणजे पंचवीसच्या पंचवीस. तरी बोलल्या.'

दोरा सोडून बघितलं. आत तीन नव्हते, पंचवीस होते. बावीस त्यांनी आपले घातले होते.

त्या पुड्या मी घरी आणल्या आहेत. परवा कपाट आवरताना सुनेनं विचारलं, "आई, हे चिंचोके टाकून देऊ का? कीड लागेल."

"राहू दे," मी म्हटलं. "निवू दे अजून."